तिसऱ्या खांबाजवळचं बटण

२ मार्च, रविवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. काल मुलीचा फोन आला होता. तिचं म्हणणं, मी ऑफिसची वेळ सोडून बाकी घरातच बसून असेन तर घर बंद करून तिच्याकडे राहायला जायचं. मी म्हणालो, मी घरात बसून नाही. मग काय करता, असं तिने विचारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, सायकल चालवतो. आईच्या राहिलेल्या सफरी पूर्ण करतोय.

 ती म्हणाली, प्रत्येक सफर झाली की पानाचा फोटो पाठवा.

बोललो ते बोललो. आता फक्त करायचं बाकी आहे. हिच्या वहीत बावन्न सफरी ठरवलेल्या आहेत. चौतीस झाल्या. राहिल्या अठरा. आठवड्याला दोन धरल्या तर ४ मेच्या रविवारी काम संपतं. घर बंद करण्याचा प्रश्नच येत नाही.

वही फ्रिजवरच होती. हिला जाऊन साडेचार महिने झाले, पण वही कोणी हलवलेली नाही. कोणी म्हणजे मी.

पहिल्या पानावर नियम. सफर घरापासून दहा किलोमीटरच्या आत. दुपारच्या जेवणाला घरी. प्रत्येक सफरीचं एक चित्र, वाटेत कानावर पडलेलं एक वाक्य आणि तिथून आणलेली एक वस्तू. कंटाळा आला तर कंटाळा आला असं लिहायचं.

नमुन्यादाखल सफर ११ पाहिली. रेल्वे फाटक. चित्रात थांबलेली माणसं, सगळ्यांची डोकी बटाट्यासारखी. वाक्य: "मी रागावलेलो नाही, माझा चेहराच असा आहे." वस्तू: तुटका कंगवा. मला तेव्हा हा पोरखेळ वाटायचा. नियमांबद्दल मात्र माझा आक्षेप कधीच नव्हता. नियम व्यवस्थित आहेत.

सफर ३५, तलावाला उलटा फेरा. हे पान हिने आधीच आखून ठेवलं आहे. तारीख १३ ऑक्टोबर, चित्राची चौकट, खाली वाक्य आणि वस्तू यांच्यापुढे रिकामी जागा. रस्ता पंपहाऊसच्या वळणावरून जातो. जे झालं ते त्या वळणावर झालं. टेम्पो होता.

३५ शेवटी घेणार. लांबचा पल्ला आहे, आधी सराव हवा. सुरुवात ३६ पासून. कालव्याच्या काठाने वीटभट्टीपर्यंत. बुधवारी पहाटे.

५ मार्च, बुधवार. ६.००

सायकल जिन्याखालून काढायला गेलो. हँडलवर खालच्या काकूंचं लादी पुसायचं ओलं फडकं. दुसऱ्याच्या फडक्याला हात कसा लावायचा? दार वाजवण्याची वेळ नव्हती.

६.२५. परत वर. चहा. माझ्या बाजूने सुरुवात झालेली आहे.

९ मार्च, रविवार

फडकं वाळलं होतं. मागच्या चाकात हवा कमी वाटली. हवा कमी असताना निघणं बेजबाबदारपणाचं. दुकान नऊला उघडतं. नऊला सायकल ढकलत नेली. सायकलवाल्याने चाक अंगठ्याने दाबून पाहिलं आणि हवा आहे म्हणाला. मी म्हणालो, तरी भरा. त्याने भरली.

पुढचं चाक नवं आहे. ऑक्टोबरमध्ये त्यानेच बसवलं. तो त्याबद्दल काही बोलला नाही. मीही नाही. चांगला माणूस आहे.

तोवर ऊन वर आलं. परतलो. जाऊन-येऊन एक किलोमीटर झालं. सायकलसह.

१० मार्च, सोमवार

मुलीचा मेसेज: ३६ झाली का? "झाली" असं लिहिलं. एका अर्थी झालीच होती.

संध्याकाळी पान भरलं. वीटभट्टी मी पूर्वी पाहिलेली आहे. तिची चिमणी काही तेव्हापासून हललेली नाही. चित्र काढलं. चिमणी प्रयोगशाळेतल्या बाटलीसारखी आली. अर्थात चिमण्या तशाच असतात. वाक्य: "रस्ता खराब असल्याने सावकाश जावे." वस्तू: विटेचा तुकडा. गच्चीत मोठ्या कुंडीखाली टेकू म्हणून होता. वीट भट्टीतूनच येते, तेव्हा मूळ ठिकाण तेच.

हे खोटं नाही. हा आगाऊ अहवाल आहे. प्रत्यक्ष भेट बुधवारी देऊन टाकीन.

१२ मार्च, बुधवार

गुडघा.

१४ मार्च, शुक्रवार

मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, हे कधीकधी अडचणीचं होतं. फोनवर गुडघ्याचा विषय काढला तर म्हणाली, मागच्या महिन्यात डावा दुखत होता, आता उजवा कसा? मी म्हणालो, दोन्ही. तिने सांगितलं की सायकल गुडघ्याला चांगली असते.

चिमणीचं चित्र आवडलं म्हणाली. पुढचं कधी, असं विचारलं. आवाज बरा वाटला. ऑक्टोबरपासून पहिल्यांदाच. हे चालू ठेवणं माझं कर्तव्य आहे.

१८ मार्च, मंगळवार

ऑफिसात त्रासाचा दिवस. शहरातल्या बारा ठिकाणांहून पाण्याचे नमुने आले. बाराही बाटल्यांत क्लोरीन अगदी तेवढंच. तलावाजवळच्या टाकीत आणि शेवटच्या वस्तीत पाणी सारखं कसं असेल? नमुने आणणाऱ्याला बोलावलं. बाराही बाटल्या त्याने आपल्याच आवारातल्या नळावर भरलेल्या. बारा वेगवेगळी लेबलं, बारा वेळा, बारा सह्या.

त्याचं म्हणणं, टेकडीवरच्या टाकीच्या जिन्यावर कुत्रं असतं. आधी ती एकच टाकी टाळली. मग वाटलं, एक टाळलीच आहे तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?

मी बावीस वर्षं इथे आहे. सगळ्यांसमोर सांगितलं की जागेवर न जाता नमुना भरणं यासारखा गुन्हा आपल्या कामात नाही. नियमही वाचून दाखवला: एकदा खोटा नमुना दिला की त्या माणसाचे आधीचे सगळे नमुने रद्द, आणि पुढचे दुसऱ्या माणसाने पडताळल्याशिवाय धरायचे नाहीत. कुत्रं हे कारण होऊ शकत नाही.

त्याला तळघरातल्या स्टोअरमध्ये टाकलं. अहवाल मीच लिहिला. चांगला झाला.

घरी येऊन सफर ३७ आणि ३८ भरल्या.

२३ मार्च, रविवार

३९ पण. आता हात बसला आहे. पंचवीस मिनिटांत एक सफर होते. बाल्कनीतून दिसणारं झाड सगळीकडे चालतं, फक्त फांद्या बदलायच्या. वस्तू: बाटलीचं झाकण, दोरीचा तुकडा, कबुतराचं पीस. पीस बाल्कनीतच पडलं होतं. कबुतर मात्र बाहेरून आलेलं असणार.

मुलगी म्हणाली, सगळं छान, पण तुम्हाला भेटणारे लोक तुमच्यासारखंच कसं बोलतात? ३७ मध्ये कोणी म्हणतं, "वेळेवर निघालेलं बरं." ३८ मध्ये कोणी म्हणतं, "पाणी उकळून प्यावे."

मी म्हणालो, या भागात समंजस लोक आहेत.

२७ मार्च, गुरुवार. ५.५०

आज खरोखर निघालो. हे मुद्दाम नोंदवतो. काकूंचं फडकं उचललं, घडी करून कठड्यावर ठेवलं, सायकल बाहेर काढली, बसलो. सीट हिच्या उंचीला आहे. गुडघे वर येतात. बदलली नाही. एकदा बदलली की पुन्हा नेमकी तेवढी बसत नाही.

कालव्याच्या पुलापर्यंत गेलो. दीड किलोमीटर. पुलावरून डावीकडे वीटभट्टी, सरळ तलाव. पुलाच्या तोंडाशी कुत्रं होतं. झोपलेलं होतं, पण कुत्र्यांचं सांगता येत नाही. परत आलो.

काकू पायऱ्या झाडत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, सायकल हलवणार असाल तर आधी सांगत जा. माझी फडकं वाळत घालायची सोय जाते."

३० मार्च, रविवार

मुलीने विचारलं, ३५ कधी? आईने पान आखून ठेवलंय ना.

तिला सांगितलं होतं की शेवटी घेणार. पण मग विचार केला, इतकी पानं नीट झाली आहेत, याच एका पानाला भीत बसायचं कारण नाही. हिच्या चौकटीत तलाव काढला. तलाव काढायला सोपा, आडवी रेघ. वाक्य सुचेना, म्हणून "आज वारा आहे" असं टाकलं. वळणाचा उल्लेख टाळला असता तर मुलीला वाटलं असतं की मी वळण टाळलं. तेव्हा वस्तू वळणावरचीच हवी.

हिचा बटणांचा डबा शिवणयंत्राच्या खणात आहे. उघडला नव्हता. आज कामापुरता उघडला. वरच एक मोठं निळं बटण होतं. चिकटवलं. खाली लिहिलं: पंपहाऊसचं वळण, डाव्या हाताचा तिसरा खांब, खडीत सापडलं.

ठिकाण नेमकं लिहिलं की अहवालाला वजन येतं.

फोटो पाठवला.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ७.१५

मुलीचा फोन. कामावर निघण्याआधी ती कधी करत नाही.  नाक ओढल्याचा आवाज आला. मग अगदी हळू विचारलं, "कुठे सापडलं म्हणालात?"

वळण, डावीकडचा तिसरा खांब, खडीत, असं मी सांगितलं. तिने विचारलं, बटणाला भोकं किती? मी वहीत पाहून सांगितलं, चार. म्हणाली, मी शनिवारी बारा तारखेला येते. रविवारी आपण दोघं तिथे जाऊ. जागा दाखवा.

फोन ठेवला. एका बटणाचं एवढं काय, कळलं नाही.

१ एप्रिल, मंगळवार

कळलं.

कपाटात खाली दवाखान्याने दिलेली पिशवी आहे. तीत हिचा रेनकोट. त्या दिवशी हिने घातला होता. त्याला मोठी निळी बटणं. सहापैकी वरून दुसरं नाही. नुसता दोरा आहे.

डब्यातलं बटण जादाचं असणार. नवा कोट घेतला की एक बटण सोबत छोट्या पिशवीत मिळतं, ते ही जपून ठेवायची. हिने हा कोट चार पावसाळे घातला. त्याला निळी बटणं आहेत हे मला माहीत नव्हतं.

म्हणजे मुलीला वाटतंय की तुटलेलं बटण मला वळणावर सापडलं.

दुपारी नीट विचार केला. वस्तू खरी आहे. बटण खरोखर त्याच कोटाचं आहे. फक्त ठिकाणात तफावत आहे. बारा तारखेच्या आत वळणावर जाऊन यायचं आणि तिसरा खांब पाहून ठेवायचा. अकरा दिवस आहेत. भरपूर.

४ एप्रिल, शुक्रवार

निघालो. आभाळ भरलेलं. परत.

६ एप्रिल, रविवार

पुलापर्यंत. कुत्रं नव्हतं. कुत्रं कुठे गेलं असेल या विचारात दहा मिनिटं गेली. तोवर उशीर झाला.

८ एप्रिल, मंगळवार. सकाळी ९

सायकलवाल्याकडे हवा भरायला. त्याने आज हवा भरली नाही. म्हणाला, "साहेब, रागावू नका. महिन्यात पाचव्यांदा आलात. टायरच्या खाचेत माती नाही, खडा नाही. ही चाकं कुठे जातच नाहीत."

मी म्हणालो, मी रस्त्याच्या मधून चालवतो.

तो म्हणाला, ताईंच्या टायरमध्ये अख्खा गाव अडकलेला असायचा. मग बराच वेळ दुसऱ्याच सायकलची चेन पुसत बसला. मी निघताना म्हणाला की हवेचे पैसे घेणार नाही, कारण हवा दिलेली नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

उद्या मुलगी येणार. वळणावर जाणं झालं नाही. कामाचा रेटा फार होता. पण खांब म्हणजे खांब. रस्ता तिथे खांब असतातच. डावीकडचे मोजायचे, तिसऱ्याशी थांबायचं, खाली बोट दाखवायचं. एवढ्याला पाहणीची गरज नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आली. वजन उतरलं आहे तिचं. माझंही उतरलंय म्हणाली. तिने स्वयंपाकघर पाहिलं, फ्रिज पाहिला, त्यातल्या नऊ अंड्यांबद्दल काही बोलली नाही. मग गच्चीत जाऊन आली. वही मागितली. पहिल्या पानापासून सगळी वाचली. आईच्या पानांवर दोनदा हसली. माझ्या पानांवर नाही. ३५ च्या पानावर हात ठेवून बसली. बटणावर नाही, चौकटीवर.

माझा अंदाज, तिला समाधान वाटलं असावं.

१३ एप्रिल, रविवार. दुपारी

सविस्तर लिहितो.

साडेसहाला निघालो. सायकलवाल्याने आदल्या दिवशी तिला एक सायकल दिली होती. ती पुढे, मी मागे. पुलापर्यंत काही अडचण नाही. ती पुलावर चढली, अर्ध्यात गेली आणि मी मागे नाही हे पाहून थांबली. मी पुलाच्या तोंडाशी उतरून उभा होतो. गुडघ्याचं सांगणार होतो. ती सायकल कठड्याला लावून चालत परत आली.  नुसती उभी राहिली. तिची आई अशीच उभी राहायची.

मी म्हणालो, "मी वळणावर गेलो नव्हतो."

ती म्हणाली, "माहीत आहे. तिथे खांबच नाहीत, बाबा. एकही नाही."

तिने पाकिटातून कागदाची लहान पुडी काढली. आत निळं बटण. दोन भोकांत दोरा तसाच अडकलेला. ऑक्टोबरमध्ये आईची सायकल आणायला तीच गेली होती ना, तेव्हा खडीत मिळालं. मी तेव्हा घरी होतो. घरी कोणीतरी थांबायला हवंच होतं.

विटेच्या तुकड्याचंही तिला माहीत होतं. काल गच्चीत गेली तेव्हा मोठी कुंडी एका अंगाला कललेली होती. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं ही म्हणायची. मुलीने ते म्हटलं नाही. मला आठवलं इतकंच.

मी विचारलं, मग त्या सकाळी फोनवर रडलीस कशाला? ती म्हणाली, सकाळी फोटो पाहिल्यावर एक मिनिटभर वाटलं की माझ्याकडचं हरवलं आणि तुम्हाला सापडलं. म्हणजे तुम्ही तिथे गेलात. मग उठून खण पाहिला. माझं जागेवर होतं.

थोड्या वेळाने म्हणाली, "निदान आईचा डबा उघडलात."

आम्ही कठड्यावर बसलो. एक बाई दुधाचे कॅन लावून सायकलवरून गेली. मुलीने पाण्याकडे पाहत विचारलं, "त्या दिवशी आईने तुम्हाला विचारलं होतं का? चला म्हणून?"

"विचारलं होतं."

"मग?"

"पुढच्या रविवारी येतो म्हणालो."

पस्तीस सफरींना हिने पस्तीस वेळा विचारलं होतं. हेही सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मुलीला बहुतेक गणित येतं.

 ती उठून चला म्हणाली. मला वाटलं पुढे. तिने सायकल घराकडे वळवली.

१४ एप्रिल, सोमवार

मुलगी गेली. वही घेऊन गेली. म्हणाली, तुमची पानं फाडणार नाही, तीही घरातलीच आहेत. पण ३५ चं पान आईचं होतं, बाबा.  जूनमध्ये येऊन घर आवरू म्हणाली. मी बघू म्हणालो. तिने ते हो असं धरलं.

रेनकोट पण मागत होती. दिला नाही. देणार होतो, पण पिशवी हातातून सुटेना. तिने ओढली नाही.

फ्रिजच्या वर वहीच्या आकाराचा चौकोन आहे. बाकी सगळीकडे धूळ. पुसायला घेतलं. मग तसंच ठेवलं.

२४ एप्रिल, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत तळघरात गेलो. तो नमुनेवाला रिकाम्या बाटल्यांना झाकणं लावत बसला होता. उठून उभा राहिला. मी बस म्हणालो. मग मला काय बोलायचं होतं ते आठवेना. शेवटी विचारलं, ते टाकीवरचं कुत्रं खरंच होतं का?

त्याने पॅन्ट वर करून पोटरी दाखवली. चार खुणा.

म्हणाला, "तुम्ही विचारलंच नव्हतं, साहेब."

अहवाल बदलता येतो का ते वर चौकशी केली. येत नाही. बाटल्या खोट्या होत्याच.

२७ एप्रिल, रविवार

निघालो नाही. कंटाळा आला नव्हता. भीती वाटली. हिच्या नियमात भीतीचं काही म्हटलेलं नाही.

४ मे, रविवार. दुपारी १२.४०

आज काम संपायचा दिवस होता. सकाळी सहाला निघालो. ठरवून नाही. फडकं खाली ठेवायला गेलो आणि सायकल हातात आली.

पूल ओलांडला. पुढे पावणेतीन किलोमीटर सरळ रस्ता आहे. तलावाची भिंत दिसायला लागली की पंपहाऊसचं पत्र्याचं छप्पर दिसतं. मग वळण.

खांब नाहीत. तारा जमिनीखालून गेल्या असाव्यात. डावीकडे उतार, खडी, एक गंजलेली पाटी, तिच्यावरची अक्षरं गेलेली. मी उतरून उभा राहिलो. कुठे ते मला माहीत नव्हतं. मुलीला विचारून ठेवायला हवं होतं. सगळ्याच खडीकडे पाहिलं. मला वाटलं होतं, इथे आल्यावर काहीतरी होईल. रडू येईल, किंवा मी खाली बसेन, किंवा हिला काहीतरी सांगेन. तसं काही झालं नाही. रस्ता थोडा उजवीकडे वळतो. बऱ्यापैकी रुंद आहे.

मागून दोन कामगार मोठा पाइप घेऊन आले. मी वाटेत होतो. पुढचा म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा."

झालो. पाइप गेला. आणखी चार मिनिटं थांबलो. मग तलावाला उलटा फेरा घालायचा होता, पण मागचं चाक बसलं. खरंच बसलं. सव्वाचार किलोमीटर सायकल ढकलत आणली. ऊन फार होतं. डावा गुडघा खरोखर दुखतो आहे.

सायकलवाल्याने मला पाहिलं आणि हवेचा पंप घेतला. मी म्हणालो, पंक्चर आहे. त्याने हं केलं. टायर काढलं, आतून हात फिरवला, थांबला. पकडीने खिळा ओढला. दीड इंची, गंजका, वाकडा. टायरच्या खाचेत दोन खडे पण होते. ते त्याने बोटाने काढून माझ्या हातावर ठेवले. ट्यूबला ठिगळ लावताना एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सीट वर करू का विचारलं. मी नको म्हणालो.

घरी वही नाही. बॅगेत ऑफिसची नमुन्याची पिशवी आणि लेबल होतं. खिळा पिशवीत घातला. लेबल भरलं. ठिकाण: पंपहाऊसचं वळण. वेळ: ६.५०. गोळा करणारा: सही. मागच्या बाजूला लिहिलं, वाक्य: "काका, जरा बाजूला व्हा." चित्र काढलं नाही. तिथे काढण्यासारखं काही नव्हतं.

फोटो मुलीला पाठवला. वीस मिनिटांनी तिचं उत्तर आलं.

"हा कुठल्या डब्यातला?"

ऑफिसच्या नियमाप्रमाणे बरोबर आहे.